सांख्यिकीच्या पहिल्या वर्गाचे नियमपत्रक: काय ठेवावे, काय गाळावे?

मध्यगा

पुढच्या सत्रात पदवीच्या पहिल्या वर्षाला प्राथमिक सांख्यिकी शिकवायची आहे. वर्गात अर्थशास्त्र, मानसशास्त्र, जीवशास्त्र, वाणिज्य अशी सगळीच मंडळी असतील. स्वखुशीने विषय घेतलेले थोडे, सक्तीचा आहे म्हणून आलेले पुष्कळ. पहिल्या तासाला हातात द्यायच्या नियमपत्रकाचा नमुना मला विभागातून मिळाला आहे. तो सात पानी आहे आणि त्यातली बहुतेक पाने 'काय केले की काय शिक्षा' याच विषयाला वाहिलेली आहेत. मला तो दोन पानांत बसवायचा आहे. इथे शिकवणारे, शिकणारे आणि आकडेमोडीवर पोट भरणारे असे तिन्ही प्रकारचे सभासद आहेत, म्हणून हा धागा काढते आहे. कच्चा मसुदा असा:

पूर्वतयारी: कॅल्क्युलस लागत नाही. वर्गमूळ काढता यावे, टक्के आणि अपूर्णांक यांची गल्लत होऊ नये, असमानतेचे चिन्ह कुठे तोंड करून आहे ते कळावे, रेषेचा चढ समजावा आणि बेरजेचा सिग्मा दिसला की दचकू नये. पहिल्या आठवड्यात यावर एक बिनगुणांची चाचणी.

वेळ: एका तासाच्या वर्गामागे घरी दोन तास, हा क्रेडिट पद्धतीतला जुना हिशेब. आठवड्याला तीन तास वर्ग म्हणजे घरी सहा तास. हे छापावे की नाही याबद्दल मी अडले आहे. मुले वाचून हसतात, आणि न छापावे तर परीक्षेनंतर 'आधी सांगितले नाही' म्हणतात.

गुण: गृहपाठ ३०, छोट्या चाचण्या १५ (सर्वांत कमी गुणांची एक सोडून), सहामाही २०, प्रकल्प १०, अंतिम परीक्षा २५.

उशीर: दर दिवसाला १० टक्के कपात. सहामाही हुकली तर फेरपरीक्षा नाही, अंतिम परीक्षेचे गुणच तिच्या जागी धरायचे. हजेरीला गुण नाहीत. परीक्षेत साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालेल, फोन चालणार नाही. स्वतःच्या हाताने लिहिलेला सूत्रांचा एक ए-फोर कागद आणता येईल. संगणकावरच्या कामाला 'आर' हे सांख्यिकीचे सॉफ्टवेअर, कारण ते फुकट आहे आणि कुठल्याही यंत्रावर चालते.

गृहपाठावर आपसात चर्चा करायला हरकत नाही, लिहायचे मात्र ज्याचे त्याने. एआयचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही.

काय गाळू, काय घालू?

जुना खडू

सात पानांची दोन करणार म्हणालात तिथेच अर्धे काम झाले. लांबलचक नियमावली वाचली जात नाही, ती फक्त वाद झाल्यावर उघडली जाते.

मसुद्यात मला एका गोष्टीची उणीव जाणवते आणि तीच सगळ्यांत मोठी आहे. या विषयात उत्तर कशाला म्हणायचे ते तुम्ही कुठेच सांगितलेले नाही. बारावीपर्यंत गणित म्हणजे शेवटी चौकटीत लिहिलेली संख्या. सांख्यिकीत चौकटीतली संख्या हे निम्मे उत्तर. उरलेले निम्मे म्हणजे ती संख्या कोणाबद्दल आहे, कशाच्या तुलनेत आहे आणि तिच्यावर किती विसंबायचे ते सांगणारे वाक्य. मुलांना हे पहिल्या चाचणीचे गुण कापले गेल्यावर कळते आणि मग ती चिडतात. चिडणे रास्त आहे. म्हणून पत्रकातच लिहा: प्रत्येक प्रश्नाचे निम्मे गुण वाक्याला. शिवाय एक नमुना द्या, चांगल्या आणि वाईट उत्तराचा. उदाहरणार्थ 'काही फरक नाही' हे शून्य गृहीतक तपासताना पी-व्हॅल्यू ०.०३ आली. 'शून्य गृहीतक खरे असण्याची शक्यता ३ टक्के आहे' याला शून्य गुण. 'शून्य गृहीतक खरे धरले, तर आपल्या नमुन्यात दिसला इतका किंवा याहून मोठा फरक ३ टक्के वेळा दिसेल' याला पूर्ण. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये पी-व्हॅल्यूवर खास निवेदन काढावे लागले, आणि त्यात पी-व्हॅल्यू म्हणजे गृहीतक खरे असण्याची शक्यता नव्हे हेही स्पष्ट लिहावे लागले. ते निवेदन संशोधकांसाठी होते. तेव्हा पहिल्या वर्षाच्या पोरांवर डोळे वटारण्यात अर्थ नाही, पण अपेक्षा आधी सांगायलाच हवी.

दुसरे म्हणजे राउंडिंग. हा नियम क्षुल्लक वाटतो, पण वर्षभर वाद याच्यावरच होतात. 'मधल्या पायरीत आकडे तोडायचे नाहीत, शेवटी तोडायचे' एवढे लिहून भागत नाही, कारण दाखवा. ४०० जणांपैकी २१९ जण 'हो' म्हणाले. प्रमाण ०.५४७५. निम्मे-निम्मे या गृहीतकाखाली प्रमाण त्रुटी (नमुन्यागणिक प्रमाण साधारण किती हलते ते) ०.०२५. झेड, म्हणजे निम्म्यापासूनचे अंतर भागिले ही त्रुटी, येतो १.९०, म्हणजे ५ टक्क्यांच्या रेषेवरच्या १.९६ च्या अलीकडे. आता कुणी सुरुवातीलाच ०.५४७५ चे ०.५५ केले की झेड २.०० होतो आणि रेषा ओलांडली जाते. माणसे तीच, उत्तरे तीच, निष्कर्ष उलटा. हे एकदा फळ्यावर केले की पुढे हुज्जत होत नाही.

(ती ५ टक्क्यांची रेघ मुळात सांख्यिकीतज्ज्ञ फिशरने १९२५ च्या पुस्तकात सोयीची म्हणून वापरली आणि पुढे ती देवळातल्या उंबरठ्यासारखी झाली. पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.)

तिरकस

हजेरीला गुण नाहीत हे वाचून डोळे पाणावले. कुठल्या ग्रहावर आहे हे महाविद्यालय?

बाकी एक भाकीत करतो. तिसऱ्या आठवड्यात वर्ग निम्मा होईल, विभागप्रमुख विचारतील आणि पुढच्या सत्राच्या पत्रकात '७५ टक्के हजेरी अनिवार्य' परत येईल. नियम असेच सात पानी होतात. प्रत्येक ओळीमागे कधीतरी छळलेला एक मास्तर असतो.

शेवटचा बाक

मी हा पेपर गेल्याच वर्षी दिला, म्हणून विद्यार्थ्याच्या बाजूने लिहितो.

घरी सहा तास हे छापा मॅडम, पण नुसते छापू नका. सहा तासांत करायचे काय, ते लिहा. आमच्यापैकी बहुतेकांना अभ्यास म्हणजे सोडवलेली उदाहरणे परत परत वाचणे एवढेच माहीत होते. वाचताना सगळे समजते. कोरा कागद पुढे आला की पहिली ओळ सुचत नाही.

कॅल्क्युलेटरच्या नियमात एक भर घाला. प्रमाण विचलनाची (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याच्या मापाची) दोन बटणे असतात, एक एन ने भागणारे आणि एक एन वजा एक ने. आमच्या वर्गात निम्मे लोक चुकीचे बटण दाबत होते आणि उत्तर 'थोडेसेच' चुकत असल्यामुळे कोणाला कळतही नव्हते. २, ४, ६ घेऊन पाहा: एकात १.६३ येते, दुसऱ्यात २. पहिल्या आठवड्यात सगळ्यांकडून हे करून घेतले तर ज्याचे त्याला कळेल आपल्या यंत्रावर कुठले बटण कुठले.

उशिराची १० टक्के कपात मला पटत नाही. ज्याला सात दिवस उशीर झाला तो ३० टक्क्यांसाठी कशाला करेल? तो करतच नाही. आणि तो धडा न आलेला तसाच पुढे जातो.

गुणाकार

शेवटचा बाक, वाचणे आणि आठवणे यातला फरक अगदी बरोबर टिपलात. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे: एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवणारे पुढे. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. मध्यगा, तुमच्या छोट्या चाचण्यांचे समर्थन याहून चांगले सापडणार नाही, ते पत्रकात एका वाक्यात घाला. 'चाचणी ही शिक्षा नाही' असे कोरडे लिहिण्यापेक्षा बरे.

आता गुणांकडे येतो. गृहपाठाला ३०, अंतिम परीक्षेला २५, म्हणजे कागदावर गृहपाठ जड. प्रत्यक्षात तसे नाही. चर्चेला मुभा असल्यामुळे गृहपाठात जवळपास सगळे ९० च्या वर जातील. समजा तिथे प्रमाण विचलन ३ आहे. ३० टक्के वजनातून एकूण गुणांत पडणारा फरक ०.९. अंतिम परीक्षेत प्रमाण विचलन १६ असेल तर २५ टक्क्यांतून पडणारा फरक ४. कोण वर आणि कोण खाली हे परीक्षाच ठरवते, छापलेले आकडे काहीही म्हणोत. यात गैर काही नाही, पण मुलांना 'गृहपाठाला सगळ्यांत जास्त वजन' सांगायचे आणि निकाल परीक्षेवर लागायचा, हे सांख्यिकीच्या वर्गात तरी शोभत नाही. एक तर हे सांगून टाका, नाहीतर गृहपाठ १५ वर आणून उरलेले १५ चाचण्यांत घाला.

'सर्वांत कमी गुणांची चाचणी सोडून' हा नियम सर्वांना आवडतो कारण सगळ्यांचेच गुण वाढतात किंवा तेवढेच राहतात. पण सारखे वाढत नाहीत. एकाला दर वेळी ७, ७, ७, ७. दुसऱ्याला १०, १०, ४, ४. दोघांची सरासरी ७. एक वगळली की पहिला ७ वरच, दुसरा ८ वर. नियम लहरीपणाला बक्षीस देतो. तुम्हाला हेच हवे आहे का?

मध्यगा

जुना खडू, नमुना उत्तरांची कल्पना उचलली. खरे तर ते पत्रकातले सगळ्यांत उपयोगी कलम ठरेल असे वाटते.

गुणाकार, लहरीपणाला बक्षीस हे मान्य. तरीही मी तो नियम ठेवणार आहे. त्याचे काम गुणवत्ता मोजणे हे नाहीच. ताप आला, बस चुकली, घरी काही झाले अशा प्रत्येक वेळी दाखला आणा, अर्ज करा, मी खरे-खोटे ठरवत बसा, हे सगळे त्या एका ओळीने टळते. न्यायाधीशाची खुर्ची मला नको आहे. वजनांचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. बदलते.

उशिराबद्दल: प्रत्येकाला सत्रात दोनदा तीन-तीन दिवसांची सवलत, कारण न विचारता, असे केले तर? त्यानंतर आठवडाभरात दिले तर ७० टक्के, तपासून मात्र सगळे मिळेल. उत्तरे जाहीर झाल्यावर शून्य.

तिरकस

'कारण न विचारता' हे तीन शब्द पाच पानांचे काम करतात. +१

पानगळ

मी औषधांच्या चाचण्यांमधला डेटा हाताळते. हुकलेल्या सहामाहीचा नियम वाचून थांबले, कारण हा आमच्याकडचा रोजचा प्रश्न आहे: मोजमाप गहाळ झाले तर त्या जागी काय लिहायचे?

अंतिमचे गुण जसेच्या तसे उचलून सहामाहीच्या जागी टाकू नका. दोन पेपर सारखे अवघड नसतात. समजा सहामाहीची सरासरी ६२ आणि प्रमाण विचलन १२, अंतिमची सरासरी ५५ आणि प्रमाण विचलन १५. सहामाही हुकलेल्या मुलीला अंतिममध्ये ७० मिळाले, म्हणजे ती सरासरीच्या एक प्रमाण विचलन वर आहे. तेच स्थान सहामाहीत धरले तर ७४ व्हायला हवेत. तुमच्या नियमाने ७० मिळतील. चार गुणांचे नुकसान, आणि तेही आजारी पडल्याबद्दल. झेड-स्कोअरने, म्हणजे सरासरीपासून किती प्रमाण विचलने दूर या हिशेबाने, बदला.

गुणाकार

पानगळ, अर्धवट सोडलेत. एका परीक्षेत एक प्रमाण विचलन वर असलेली व्यक्ती दुसऱ्या परीक्षेत तितकीच वर असेल हे गृहीत धरता येत नाही, ती सरासरीकडे थोडी सरकते. गाल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून हेच दाखवले होते. दोन परीक्षांमधला सहसंबंध (दोन्हींचे गुण किती बरोबरीने वर-खाली होतात त्याचे माप, जास्तीत जास्त १) ०.६ असेल तर सहामाहीचा अंदाज ६२ अधिक ०.६ गुणिले १२, म्हणजे ६९.२. गंमत अशी की तुमच्या उदाहरणातल्या मुलीला मध्यगा यांचा साधा नियमच जवळजवळ बरोबर गुण देतो.

पानगळ

तिला देतो. आता अंतिममध्ये ४० मिळालेला घ्या, तो एक प्रमाण विचलन खाली. साधा नियम: ४०. झेड: ५०. तुमचा अंदाज: ५४.८. साध्या नियमाचा फटका कच्च्या विद्यार्थ्याला बसतो, आणि बराच मोठा बसतो.

पण तुमची पद्धत नियम म्हणून वापरली तर अडचण वेगळीच होते. सहामाही कोण चुकवते? फासे टाकून ठरत नाही ते. अभ्यास झालेला नसला की दांडी मारणारे त्यात जास्त असणार. आमच्या क्षेत्रात पहिला प्रश्न हाच असतो, की गहाळ झाले ते योगायोगाने की गहाळ होण्याचे कारणच निकालाशी बांधलेले आहे. सरासरीकडे ओढणारा नियम जाहीर केलात की कच्च्या विद्यार्थ्याने परीक्षेला न येणे शहाणपणाचे ठरते. अंदाज म्हणून सर्वांत अचूक असलेली पद्धत नियम म्हणून वाईट असू शकते, कारण नियम वाचून माणसे वागणे बदलतात.

जुना खडू

हा संवाद जसाच्या तसा वर्गात वाचून दाखवावा असा आहे.

माझे मत झेडला. विद्यार्थ्याला एका ओळीत समजावता येतो: 'वर्गात तुझे जे स्थान अंतिममध्ये, तेच सहामाहीत.' सहसंबंधाने गुणलेला अंदाज समजावून सांगायला बसलात तर कोणी गुण वाढवून मागायला येणार नाही खरे, पण तो फायदा मानू नये.

चौथी घडी

माझा साधा प्रश्न. निकाल 'कर्व्ह'वर (वर्गातल्या स्थानावरून) लावणार की ठरलेल्या टक्क्यांवर? मसुद्यात दिसले नाही.

मध्यगा

ठरलेल्या टक्क्यांवर. पेपर माझ्याकडून फारच अवघड निघाला तर रेषा सगळ्यांसाठी खाली येईल, वर कधीच जाणार नाही. वरच्या दहा टक्क्यांनाच पहिली श्रेणी असे ठरवले तर चाळीसच्या वर्गात चौथा आणि पाचवा यांच्यात अर्ध्या गुणावरून श्रेणी बदलते. शिवाय मग कोणी कोणाला गृहपाठ समजावून सांगणार नाही, कारण शेजाऱ्याचा फायदा हा आपला तोटा होतो. गुणांचे वितरण प्रसामान्य (घंटेच्या आकाराचे) असते हे गृहीतकही बहुतेकदा खोटे. १०० वर छत असल्यामुळे सोप्या पेपरात सगळे उजवीकडे दाटतात आणि शेपटी डावीकडे लांबते.

आडतास

एआयबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून मी सुरू करतो. सरसकट बंदी घालू नका, ती तपासता येत नाही. न तपासता येणारा नियम फक्त प्रामाणिक मुलांना लागू होतो. माझी विभागणी अशी: आरमधली चूक शोधायला एआय वापरा, संकल्पना पुन्हा समजावून घ्यायला वापरा, पण निष्कर्षाचे वाक्य स्वतःचे. आणि कुठलाही गृहपाठ दिल्यावर दोन मिनिटे तोंडी विचारले जाऊ शकते, हे पत्रकात असावे. 'ही आकृती का काढलीस?' एवढा प्रश्न पुरतो.

नक्कल रोखायची तर त्याहून सोपा उपाय आहे. प्रत्येकाला वेगळा डेटा द्या. आरमध्ये यादृच्छिक आकडे काढण्याआधी 'सीड', म्हणजे सुरुवातीचा आकडा, ठरवता येते. ज्याचा हजेरी क्रमांक तेच त्याचे सीड. मग प्रत्येकाचा नमुना वेगळा, पण तुम्हाला तो हवा तेव्हा जसाच्या तसा पुन्हा काढता येतो. शेजाऱ्याचे उत्तर उतरवले तर लगेच दिसते.

आणि खरी मजा पुढे आहे. सगळ्यांचे नमुने एकाच समष्टीतून (मोठ्या मूळ संचातून) काढलेले, जिची खरी सरासरी फक्त तुम्हाला माहीत. प्रत्येकाने ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खऱ्या सरासरीच्या अंदाजाची मर्यादा) काढून फळ्यावर आपली आडवी रेघ मारायची. साठ जणांच्या वर्गात सुमारे तिघांच्या रेघा खऱ्या सरासरीला चुकवतील, कधी एखादीच, कधी पाच. त्या तिघांनी गणित चुकवलेले नसते! '९५ टक्के' हा गुण पद्धतीचा आहे, एकेका रेघेचा नाही, हे व्याख्यानातून महिनाभर सांगूनही उतरत नाही ते इथे दहा मिनिटांत दिसते. एका दगडात दोन पक्षी.

शेवटचा बाक

आम्हाला हे असे दाखवले असते तर मी 'खरी सरासरी या मर्यादेत असण्याची शक्यता ९५ टक्के' लिहून गुण घालवले नसते. माझी रेघ त्या तिघांत निघाली असती तर जन्मभर लक्षात राहिले असते.

आरबद्दल एक सूचना. पहिल्या दोन आठवड्यांत इन्स्टॉल करण्याच्या भानगडींना गुण लावू नका. आणि एक्सेल आणि आर दोन्ही वापरणाऱ्यांना सावध करा. एक्सेलमध्ये उणे ३ चा वर्ग म्हणून =-३^२ टाइप केले की ९ येते, आरमध्ये तेच टाइप केले की उणे ९. कंस लावायची सवय नसेल तर तासभर डोके धरून बसावे लागते.

निळसर

कुणाच्या ध्यानात आले नसेल म्हणून: मला लाल-हिरवा फरक दिसत नाही. सांख्यिकीच्या तक्त्यांमध्ये दोन गट दाखवायला नेमके हेच दोन रंग निवडले जातात. पत्रकात 'ज्यांना वाढीव वेळ, मोठी अक्षरे किंवा अन्य सोय हवी त्यांनी पहिल्या दोन आठवड्यांत खाजगीत सांगावे' असे असते, ते चांगलेच. त्यासोबत तुम्हीच तक्त्यांत रंगाबरोबर खुणेचा आकार बदलत असाल आणि मुलांच्या आकृत्यांनाही तोच नियम लावत असाल, तर माझ्यासारख्याला सांगायची वेळच येणार नाही.

मध्यगा

निळसर, अनेक आभार. हे आकृत्यांच्या नियमात जाईल: अक्षांना नावे, एकके, आणि रंग काढून टाकला तरी वाचता येईल अशी आकृती.

आकृतीवरून आठवले, 'आधी आकृती, मग आकडे' हाही नियम घालते आहे. अँस्कम यांनी १९७३ मध्ये चार छोटे डेटासंच दिले होते. चारही ठिकाणी क्षची सरासरी ९, यची ७.५, सहसंबंध ०.८१६, रेषाही तीच. काढून पाहिले तर एक साधा ठिपक्यांचा पट्टा, एक कमान, एकात एकच ठिपका रेषेला ओढतो आहे, आणि चौथ्यात एक सोडून सगळे ठिपके एकाच उभ्या रेषेवर. आकृती न काढता सहसंबंध लिहिला तर त्या प्रश्नाचे निम्मेच गुण.

प्रकल्पावर कोणी बोलले नाही अजून.

पानगळ

प्रकल्पाला १० गुण आणि चार-पाच नियम बस. लोकांची माहिती गोळा करणार असतील तर आधी विचारायचे, नाव-नंबर लिहायचे नाहीत, आजार-उत्पन्न-धर्म असल्या विषयांना हात लावायचा नाही. आणि प्रश्नावली मित्रांच्या ग्रुपवर टाकून 'तरुणांचे मत' असा मथळा द्यायचा नाही. १९३६ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने एक कोटीच्या आसपास मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि तरी रूझवेल्ट हरणार असे भाकीत केले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकले. नमुना कसा आला हे सांगणारा परिच्छेद नसेल तर प्रकल्प तपासायला घेऊ नका.

'काही फरक आढळला नाही' या निष्कर्षालाही पूर्ण गुण मिळतील, हे मात्र ठळक छापा. नाहीतर मुले काहीतरी सापडेपर्यंत आकडे पिळत राहतात.

तिरकस

सत्राच्या शेवटी मुलांकडून शिक्षकाचा अभिप्राय भरून घेतात तेव्हा साठपैकी अकरा जण भरतात. त्यावरून मास्तरची सरासरी ४.३७ काढून फायलीत लावतात. लिटररी डायजेस्ट अजून चालू आहे म्हणायचे.

मध्यगा

:) तो अकरा जणांचा फॉर्म गृहपाठाला देते.

आतापर्यंत ठरलेले: नमुना उत्तरे पहिल्याच पानावर. राउंडिंगचे उदाहरण. गृहपाठ १५, चाचण्या ३०, बाकी तेच. दोन सवलती. झेडने भरपाई. सीड म्हणून हजेरी क्रमांक. एआयला आडतास यांची विभागणी आणि तोंडी प्रश्न. हजेरीला गुण नाहीतच, तिसऱ्या आठवड्यात काय होते ते तिरकस यांना कळवीन. एकच शंका उरली. हे पहिल्या तासाला वाचून दाखवू का?

जुना खडू

नको. वाचून दाखवलेले नियम ऐकायला कोणी नसते. पहिल्या तासाला थेट काहीतरी मोजायला लावा. पत्रक घरी द्या आणि पहिल्या गृहपाठात त्यावरच पाच प्रश्न घाला, पत्रक उघडे ठेवून सोडवायचे. सवलत किती दिवसांची, कुठले बटण दाबायचे, २१९ चे उदाहरण. आणि 'सहामाही हुकली आणि अंतिमला ७० मिळाले तर सहामाहीचे किती' हा प्रश्न.

गुणाकार

तो प्रश्न पहिल्या आठवड्यात कसा देणार? झेड-स्कोअर तिसऱ्या आठवड्यात येतो.

मध्यगा

मग तिसऱ्या आठवड्याच्या चाचणीत. तोपर्यंत पत्रकातली ती ओळ कोणाला समजली नाही तर निदान कोणीतरी विचारायला येईल.